पूर्ण नाव

१९८७ चा ऑगस्ट. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं मुलांचं वसतिगृह, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. रात्रीची मेस आटोपल्यावर आम्हा नऊ जणांना तिथे बोलावलं होतं. तेल लावून चापून बसवलेले केस, काढलेल्या मिशा, पांढरा शर्ट आणि नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. मान वर करायची नाही. त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी सीनियर ओळखले ते त्यांच्या पायांवरून आणि आवाजावरून.

पहिला प्रश्न ठरलेला. "नाव?" मुलगा नाव सांगायचा. मग, "पूर्ण नाव सांग. मोठ्याने."

पूर्ण नाव म्हणजे आडनाव. आडनावानंतर गाव, गावानंतर शाळा, आणि मग "बारावीला किती?" सीईटी अजून यायची होती, प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. टक्के सांगितले की खोलीत क्षणभर शांतता पसरे आणि कुणीतरी मनातला हिशेब बोलून दाखवी: एवढे टक्के, हे आडनाव, म्हणजे हा कुठल्या यादीतून आला. त्यानंतर त्या मुलाला काय करायला लावायचं, हे या हिशेबावर ठरायचं. कुणाला सिनेमाचं गाणं, कुणाला कोंबडा, आणि कुणाला असं काही, की ते तो पुढे आयुष्यभर कुणाला सांगणार नाही. या सगळ्याला आम्ही ओळखपरेड म्हणत होतो. हा शब्द मुळात पोलीस तपासातला आहे, तिथे रांगेत आरोपी उभा असतो.

माझा रूम पार्टनर परभणीकडच्या एका खेड्यातला होता. घराण्यातला पहिलाच डॉक्टर होणार म्हणून गावाने त्याला सत्कार करून एसटीत बसवलं होतं. त्याची बोली अस्सल मराठवाड्याची. शरीररचनाशास्त्रातले लॅटिन शब्द त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि हसायचं, हा आमच्या मजल्यावरचा रोजचा कार्यक्रम झाला. अकराव्या दिवशी सकाळी तो खोलीत नव्हता. आठवड्याने त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. रेक्टरांच्या रजिस्टरात "घरगुती कारणास्तव" अशी नोंद झाली. खोलीच्या दारात उभं राहून वडिलांनी मला विचारलं, "अभ्यास झेपला न्हाई का त्याला?" मी "हो" म्हणालो. खुंटीवर राहिलेला त्याचा नवा एप्रन त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला.

त्या काळी तक्रार करायची तर कोणत्या कायद्याखाली, हा प्रश्नच होता, कारण महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा नव्हता. रॅगिंग हा शब्द इंग्रजी विद्यापीठांतून आला आणि आपल्याकडे सर्वांत घट्ट रुजला तो वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि लष्करी शिस्तीच्या संस्थांत, जिथे वरची पायरी आणि खालची पायरी हेच शिक्षणाचं अर्धं अंग मानलं जातं. अमेरिकेत याच वृत्तीला हेझिंग म्हणतात आणि ती फ्रॅटर्निटीत, खेळाच्या संघांत दिसते. आपल्याकडे तिचं घर म्हणजे वसतिगृह. आणि मराठी माणसाला ती समजायला परकी उदाहरणं लागतच नाहीत. आमच्या मजल्यावरचा एक सीनियर समजुतीच्या सुरात म्हणायचा, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे." त्याला यात दिलासा वाटे. मला आज त्यातली व्यवस्था दिसते: सुनेला न्याय मिळणार नाही, पण ती कधीतरी सासू होईल.

पहिला मोठा हादरा दक्षिणेतून आला. नोव्हेंबर १९९६ मध्ये तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या राजा मुथय्या वैद्यकीय महाविद्यालयात पोन नवरसू या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा एका सीनियरने खून केला. त्याचे वडील मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू होते. तमिळनाडूने १९९७ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. आरोपीला सत्र न्यायालयाने १९९८ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००१ मध्ये सोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जन्मठेप पुन्हा कायम केली. पंधरा वर्षं. माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट सलते. जो वर्ग कुलगुरूंच्या मुलासाठी हादरला, तो तोपर्यंत खेड्यातल्या किती मुलांच्या "घरगुती कारणां"वर सह्या करत आला होता?

महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. तो मी पुन्हा पुन्हा वाचला आहे, आणि त्यातली व्याख्या मला फार मोलाची वाटते. फक्त मारहाण किंवा धमकी नव्हे, तर विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा ओशाळेपण वाटेल असं वागणं, आणि तो एरवी आपखुशीने करणार नाही अशी गोष्ट त्याला करायला सांगणं, हेही त्या व्याख्येत बसतं. म्हणजे आमचं गाणं म्हणणं आणि कोंबडा होणंही बसतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश नाही. तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, आणि केली नाही तर ती त्या गुन्ह्याला दिलेली चिथावणी मानली जाईल. कागद चोख होता. पण कागदापर्यंत पोचायला तक्रार लागते, आणि तक्रार करणाऱ्याला त्याच मजल्यावर, त्याच मेसमध्ये आणखी चार वर्षं काढायची असतात.

पुढची दहा वर्षं न्यायालय आणि समित्यांची. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या. मग सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २००७ मध्ये आला. संस्थेच्या कारवाईने पालकांचं समाधान झालं नाही तर पोलिसांत गुन्हा नोंदवणं बंधनकारक झालं. तरीही ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू गेला. वय १९. दारू प्यालेल्या चार सीनियर मुलांनी त्याला मारहाण केली होती. त्यांना २०१० मध्ये चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

अमनचे वडील राजेंद्र काचरू यांनी मात्र जे केलं ते या मागोव्यातलं सर्वांत मोठं काम आहे. मुलाच्या मृत्यूचं रूपांतर त्यांनी यंत्रणेत केलं. २००९ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आली, दरवर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांनीही प्रतिज्ञापत्र भरणं आलं. त्या यंत्रणेवर देखरेख ठेवण्याचं काम काचरूंच्या संस्थेने अनेक वर्षं केलं. प्रवेशाच्या रांगेत ते प्रतिज्ञापत्र भरणारे आई-वडील मी पाहतो. बहुतेकांना ते रहिवासी दाखल्यासारखा आणखी एक कागद वाटतं. कुणा बापाने ते काय देऊन मिळवलं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

याचा उपयोग झाला, हे मी छातीठोकपणे सांगतो. कोपऱ्यातल्या खोल्या बऱ्याच ठिकाणी बंद झाल्या, पहिल्या वर्षाची वसतिगृहं वेगळी झाली, तिसऱ्या बटणाची गोष्ट आजच्या कित्येक मुलांना समजावून सांगावी लागते. पण छळ जिना उतरून वॉर्डात गेला. पदव्युत्तर शिक्षणात पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर म्हणजे जेआर-वन. त्याची ड्यूटी लावतो त्याचा सीनियर, त्याला शस्त्रक्रियेत हात लावू देतो तोही सीनियरच. सलग ३६ तास काम, चूक झाली की शिक्षा म्हणून जादा ड्यूटी, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर फाइल भिरकावणं. "ती ब्रँच टॉक्सिक आहे," असं मुलं हवामानाबद्दल बोलावं तसं बोलतात. रात्री बाराला कोंबडा करायला लावणं हे रॅगिंग, हे आता सगळ्यांना कळतं. रात्री बाराला सातव्यांदा तेच रक्ताचे नमुने घेऊन लॅबला पळवणं याला मात्र "ट्रेनिंग" म्हणतात.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवलं. जळगावच्या, तडवी भिल्ल समाजातल्या, स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी. तीन सीनियर डॉक्टरांवर जातीवरून छळल्याचे आरोप ठेवले गेले, आणि त्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबरोबर १९९९ चा तो रॅगिंगविरोधी कायदाही लावला गेला. पायल यांच्या आई आबेदा तडवी यांनी मृत्यूआधीच मुलीचं दुखणं रुग्णालयापर्यंत नेण्याची धडपड केली होती. पुढे त्या, आत्महत्येत मुलगा गमावलेल्या राधिका वेमुला यांच्यासोबत, जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ही बातमी वाचली त्या दिवशी मला आमची कोपऱ्यातली खोली आठवली. बत्तीस वर्षांत प्रश्न तोच होता. पूर्ण नाव काय, गाव कुठलं, कुठल्या यादीतून आलीस.

रॅगिंगवरच्या आपल्या साऱ्या चर्चेत ही गोष्ट कडेला राहते, आणि माझ्या मते तीच मध्यभागी हवी. आपण रॅगिंगला तारुण्यातला वाह्यातपणा समजून प्रतिज्ञापत्रं भरून घेतली. पण ज्या समाजात आडनावावरून माणसाची पायरी ठरते, तिथे "ओळख करून घेणं" निरागस असूच शकत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या पाटणजवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८ वर्षांच्या मुलाला इतर ज्युनियरांबरोबर तीनेक तास उभं केलं होतं. कशासाठी? परिचयासाठी. तो कोसळला आणि गेला. सोसायटी अगेन्स्ट व्हायोलन्स इन एज्युकेशन या संस्थेने २०२२ ते २०२४ या काळाचा अभ्यास केला. एकूण विद्यार्थ्यांत वैद्यकीय विद्यार्थी जेमतेम १.१ टक्का, पण राष्ट्रीय हेल्पलाइनवरच्या तक्रारींत वैद्यकीय महाविद्यालयांचा वाटा ३८.६ टक्के. माझ्या व्यवसायाबद्दलचे हे आकडे मला खाली मान घालायला लावतात.

या मागोव्यातलं एक वर्ष मी अजून सांगितलेलं नाही. १९८८.

मी दुसऱ्या वर्षाला गेलो आणि त्या ऑगस्टमध्ये कोपऱ्यातल्या खोलीत खुर्चीवर बसलो. मी कुणाला मारलं नाही, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. मी नाव विचारलं, पूर्ण नाव विचारलं, बारावीचे टक्के विचारले. का, याचं अर्धं उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळालं. एलियट अ‍ॅरनसन आणि जडसन मिल्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये ६३ विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी काहींना लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, काहींना सौम्य, काहींना काहीच नाही. ऐकवलेली चर्चा मुद्दाम रटाळ ठेवली होती. जिला जास्त लाजावं लागलं, तिला ती जास्त आवडली. सोसलेलं वाया गेलं हे मन कबूल करत नाही. मग ज्यांनी आपल्याला वाकवलं त्यांच्याबद्दल आपल्याला माया वाटू लागते, विशेषतः त्यांनीच पुढे पुस्तकं दिली, परीक्षेच्या आदल्या रात्री जागून शिकवलं, तर. माझ्या सीनियरांनी हे सगळं केलं होतं. म्हणूनच मी त्यांच्यासारखा झालो. परभणीच्या त्या मुलाला माया वाटायला वेळच मिळाला नव्हता, आणि त्याच्या बाजूने बोलायला मजल्यावर कुणी नव्हतं. मी होतो, पण मी त्याच्या वडिलांना "हो" म्हणालो होतो.

काही वर्षांपूर्वी एका परिषदेत जेवणाच्या रांगेत एक डॉक्टर माझ्याजवळ आले. केस पिकलेले, बोलणं नम्र. "सर, मी तुमचा ज्युनियर. तुमच्या पॅथॉलॉजीच्या जर्नलमधल्या स्लाइडच्या आकृत्या मी काढल्या होत्या. गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने. चाळीस." ते हसत होते. आकडा मात्र त्यांनी एका दमात सांगितला.

मी माफी मागायला तोंड उघडलं आणि थांबलो, कारण सुरुवात नावाने करायची होती आणि त्यांचं नाव मला आठवत नव्हतं. त्या रात्री मीच ते तीनदा, मोठ्याने, आडनावासकट म्हणायला लावलं होतं. त्यांच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं होतं. ते मी सरळ करू लागलो, तेव्हा त्यांनी नकळत मान खाली घातली.