दाद मागण्याचा भुर्दंड कोणी सोसावा?

सरकारी कामाची निविदा काढताना शासन एक वचन देत असते. अटी सर्वांना सारख्या राहतील, पंक्तिप्रपंच होणार नाही आणि अटींत बसणाऱ्यांपैकी ज्याचा दर किफायतशीर असेल त्याला काम मिळेल, असे ते वचन होय. ते मोडले गेल्यास न्यायालयाचे दार उघडे आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या दारापर्यंत जाण्यास पैसा लागतो आणि दाद मागणाऱ्याचे म्हणणे खरे ठरले तरी तो पैसा बहुधा त्याच्याच खिशातून गेलेला राहतो. निविदापद्धतीच्या या दुखऱ्या बाजूकडे आपल्या राज्यकर्त्यांनी अद्याप गांभीर्याने पाहिलेले नाही.

मध्य प्रदेशातील मोहगावचेच उदाहरण घेऊ. सौंसर तहसिलीतील हे मराठीभाषक गाव. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या काढलेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते आता मोडते. समजा, अशा गावच्या एखाद्या लहान कंत्राटदाराने गटाराच्या कामासाठी सर्वांत कमी दर भरला आणि जाहिरातीत नसलेली एखादी अट पुढे करून त्याची निविदा बाद करण्यात आली. नागपूर त्याला जवळ. पण तेथील खंडपीठ महाराष्ट्राचे. त्याला सातपुडा ओलांडून जबलपूर गाठावे लागणार. वकिलाची फी, नकला, प्रवास, मुक्काम आणि बुडालेले दिवस यांची बेरीज केली, तर ती त्या कामातील संभाव्य नफ्याला सहज गिळून टाकील. तो हिशेब करतो आणि गप्प बसतो. तो गप्प बसणार हे बाद करणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि अन्यायाचे खरे बळ त्यातच आहे.

आमच्या किनाऱ्यावरची स्थितीही निराळी नाही. गोमंतकीयांना खंडपीठ पर्वरीला आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या लोकांना मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यांची पायपीट कमी झाली. अंतर घटले हे चांगलेच. पण अंतर घटल्याने वकिलाची फी घटत नाही.

या विषयावरील आपल्या देशातील आधारभूत निकाल मुंबईच्याच एका प्रकरणात झाला. सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेत किमान पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. ती पूर्ण न करणाऱ्यास काम देण्यात आले. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात १९७९ साली न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट बजावले की, सरकारने स्वतः जाहीर केलेला निकष सरकारवरही बंधनकारक आहे. तथापि अर्जदार उशिरा आला आणि त्याचे स्वतःचे हितही खरे दिसत नाही, म्हणून त्याला दिलासा नाकारण्यात आला. खर्चाबाबत कोणताही आदेश झाला नाही. त्या विशिष्ट अर्जदाराबाबत ते योग्यही असेल. मात्र तत्त्व प्रस्थापित व्हावे आणि खर्च ज्याचा त्याने सोसावा, हा प्रघात पुढे पात्र आणि अपात्र अशा सर्वच अर्जदारांच्या वाट्याला आला.

कायद्यात खर्चाची तरतूद नाही असे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३५ जुनेच आहे. वाजवी असा प्रत्यक्ष खर्च मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सेलम वकील संघाच्या प्रकरणात सांगितले. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याने तर मोठ्या व्यापारी दाव्यांत हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हाच सामान्य नियम केला. पण निविदेचे वाद बहुतेक रिट अर्जाने चालतात आणि तेथे सारे न्यायालयाच्या इच्छेवर राहते. त्यातही एक पळवाट सर्वांत खटकणारी आहे. अर्ज दाखल होताच खाते आपली चूक ओळखते, निविदा रद्द करते आणि आता वादाचे कारण उरले नाही म्हणून अर्ज निकालात निघतो. अर्जदाराचे म्हणणे खरे ठरले. हाती मात्र वकिलाचे बिल उरले!

नाण्याची दुसरी बाजूही आम्ही नाकारीत नाही. मोहगावाहून दक्षिणेस नागपूरच्या वाटेवर सावनेर तालुका लागतो. त्या तालुक्यातील खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या कामाचे कंत्राट असेच न्यायालयात अडकले होते. १९९८ साली न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी रौनक इंटरनॅशनल प्रकरणात दिलेला निकाल आजही मार्गदर्शक आहे. तक्रार करणारी कंपनी स्वतःच पात्रतेच्या अटी पुऱ्या करीत नव्हती. अशा वादांतील स्थगितीने लोकोपयोगी काम रखडते व त्याचा खर्च वाढतो. तेव्हा स्थगिती मागणाऱ्याकडून योग्य प्रकरणी तारण घ्यावे, असे न्यायालयाने म्हटले. हे न्याय्यच आहे. पण निराधार तक्रार करणाऱ्याने भरपाई द्यावयाची, तर साधार तक्रार करणाऱ्यास ती मिळू नये काय? तराजूला दोन पारडी असतात.

२०२२ साली एन. जी. प्रोजेक्ट्सच्या निकालाने हा प्रश्न अधिक निकडीचा केला. कामे थांबवू नयेत, डावलल्या गेलेल्याने नुकसानभरपाई मागावी, असा त्याचा आशय आहे. रस्ता थांबू नये हे आम्हांलाही मान्य आहे. परंतु ज्याला काम मिळणार नाही, त्याला भरपाईसाठी पुन्हा नव्या दाव्याची वर्षे मोजावी लागणार असतील, तर खर्चाची परतफेड हाच त्याचा पहिला आधार ठरतो.

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने यावर तोडगा काढला. तेथील संसदेची हिशेब तपासणारी संस्था निविदेविरुद्धच्या तक्रारीचा निर्णय शंभर दिवसांत देते. तक्रार रास्त ठरल्यास वकिलाच्या वाजवी फीसह तक्रारीचा आणि निविदा तयार करण्याचाही खर्च संबंधित खात्याने द्यावा, अशी शिफारस ती करू शकते. उघड रास्त तक्रार असूनही खात्याने चूक सुधारण्यास अकारण विलंब लावला, तर मागाहून केलेल्या सुधारणेने ते या खर्चातून सुटत नाही. मोठ्या कंपन्यांच्या वकिलांच्या फीला मर्यादा आहे. लहान उद्योगांना ती लागू नाही.

आपल्याकडे २०१२ साली लोकसभेत सार्वजनिक खरेदीचे विधेयक आले आणि २०१४ साली ते लोकसभेबरोबरच लोपले. ते पुन्हा आणताना तीन गोष्टी त्यात असाव्यात. निविदा बेकायदा ठरल्यास अथवा तक्रारीनंतर खात्याने ती मागे घेतल्यास वाजवी खर्च ठरावीक मुदतीत परत मिळावा. लहान कंत्राटदारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणीच तक्रार ऐकणारा स्वतंत्र अधिकारी असावा. आणि खोडसाळ अर्जदारावर तितक्याच कठोरपणे खर्च बसवावा.

हा पैसा अखेर जनतेचाच, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. पण वशिल्याने दिलेल्या महाग कंत्राटाचा पैसाही जनतेचाच असतो आणि तो याहून कितीतरी अधिक असतो. चुकीची किंमत खात्याच्या खर्चात दिसू लागली, म्हणजे लेखापरीक्षकाचे आणि विधिमंडळाचे लक्ष तिकडे आपोआप जाईल. मोहगावच्या कंत्राटदाराला शासनाकडून मेहेरबानी नको आहे. शासनाने दिलेले वचन शासनानेच मोडले, तर ते सिद्ध करण्याचा भुर्दंड त्याच्यावर पडू नये, एवढेच त्याचे मागणे असेल. ते मान्य करण्यास कोणत्याही प्रामाणिक शासनाला भय वाटण्याचे कारण नाही.