पणतीची चोच

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, सागाच्या दाट रानात वसलेल्या सेमाडोहला कार्तिकातली थंडी खालच्या वऱ्हाडापेक्षा लवकर उतरते. आणि दिवाळी होऊन गेल्यावर तिथल्या एका कोरकू घरी मुक्काम पडला असता कोनाड्यातली मातीची पणती पाहून जो प्रश्न मनात उभा राहिला, तो तेथून परतल्यावरही पुष्कळ दिवस सुटला नाही. पणती तळहातावर मावेल एवढी, एक उथळ बशी आणि माती ओली असतानाच कुंभाराने तिची कड दोन बोटांत चिमटून काढलेली चोच. वेलबुट्टी नाही, रंग नाही. सातवाहनांच्या अमलातली पणती हिच्या शेजारी ठेवली, तरी दोघींत दोन हजार वर्षांचे अंतर आहे हे सामान्य माणसाच्या ध्यानात येणार नाही. मग ज्या काळी रोमन साम्राज्यात मातीचा दिवा हा चित्रफलक बनला होता, त्याच काळी आपली पणती अशी कोरी का राहिली?

रोमन दिवा म्हणजे बंद डबी. खालचा अर्धा भाग एका साच्यात, वरचा दुसऱ्या साच्यात दाबून घ्यायचा, ओलेपणीच दोन्ही जोडायचे, एका बाजूस वातीचे नाक आणि तेल ओतण्यासाठी वरच्या तबकडीला छिद्र ठेवायचे, की दिवा भट्टीत जाण्यास सिद्ध झाला. त्या वरच्या वाटोळ्या तबकडीवर कारागीर आपली सारी हौस पुरवून घेत. झुंजणारे योद्धे, रथांच्या शर्यती, देवदेवता, सिंह, मोर, शिंपले, काय वाटेल ते. आणि चित्रातल्या देवाचे मुख बिघडू नये म्हणून तेलाचे छिद्र मुद्दाम बाजूस सरकवलेले. उत्तर इटलीत तयार होणाऱ्या काही दिव्यांच्या बुडाशी ‘फोर्टिस’ हे नाव उठवलेले असे, आणि तो माल इतका खपला की इतर प्रांतांतल्या कुंभारांनी अस्सल दिव्यावरूनच साचे काढून नावासकट नकला बाजारात आणल्या. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या तांबड्या दिव्यांवर ख्रिस्ती चिन्हे आली.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे ही विद्या नव्हती, एवढेच. परंतु हे उत्तर तेर येथे टिकत नाही. तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलेले, आणि जिथला माल गाड्यांतून भडोच बंदरास जाई ते शहर. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने जमवलेल्या आणि आता शासकीय संग्रहालयात असलेल्या वस्तूंत पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यातून, मागचा दुसऱ्यातून, आत पोकळ. हे दुहेरी साच्याचे तंत्र रोमन संपर्कातून आले असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या युक्तीने रोमन कुंभार दिवे घडवी, तीच हाताशी असता आमच्या कारागिराने बाहुल्या घडवल्या, आणि पणती मात्र पूर्वीप्रमाणेच चाकावरून उतरवून बोटांनी चिमटली. त्याला साचा ठाऊक नव्हता असे नाही. पणतीसाठी त्याला तो नको होता.

का नको होता, याचा एक धागा मला सेमाडोहच्या त्या घरातच मिळाला होता, असे मी धाडसाने म्हणतो. पहाटे उठून पाहतो तो पणतीत उरलेले मोहाच्या बियांचे तेल लोण्यासारखे गोठलेले. घरधनिणीने ते बोटाने सैल केले, पणती चुलीच्या उबेला सरकवली, आणि वात पुन्हा लागली. भूमध्य समुद्राकाठी जळणारे ऑलिव्हचे तेल अशा थंडीत पातळ राहते, म्हणून तिथे अरुंद छिद्राची बंद डबी चालते. मोहाचे तेल किंवा तूप त्या डबीत गोठले, तर ते बोटाने सैल करता येणार नाही. शिवाय कच्च्या भाजणीची माती तेल पिते, सबब आपल्याकडे नव्या पणत्या आधी पाण्यात भिजत घालतात. आणि सण सरला की त्या अडगळीत जातात. वर्षासाठी घेतलेल्या वस्तूवर कुंभाराने नक्षी कोरीत बसावे तरी किती?

नक्षीची हौस आपल्याकडे नव्हती असे मात्र कोणी समजू नये. ती पिढ्यान्‌पिढ्या घरात राहणाऱ्या धातूकडे वळली. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंत पितळी दिव्यांचा जो भरणा आहे, त्यात साखळीने टांगलेले लामणदिवे, हत्ती, मोर, हाती दिवा धरलेल्या दीपलक्ष्मी आहेत. आणि 1961 साली ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. देवळापुढची दीपमाळ तर दगडाची. आषाढातल्या दिव्यांच्या अवसेला मात्र घरोघर कणकेचे गोड दिवे उकडतात, त्यांनाही अशीच चिमटून चोच काढतात, आणि पूजा झाली की तुपाबरोबर खाऊन टाकतात.

निघताना ती पणती मी मागून पाहिली. घरधनीण हसली, आणि तीच का, म्हणून कोपऱ्यातली दुसरी, न वापरलेली, माझ्या हातावर ठेवली. तिची चोच किंचित डावीकडे वळलेली आहे.