वेळासची कासवे

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा हा डोंगराळ तालुका आहे. तेथील नार नदी पार नदीला मिळते आणि पार नदी गुजरातमधून अरबी समुद्राला जाते. याच समुद्रात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे राहतात.

ही कासवे सारे आयुष्य पाण्यात काढतात. मादी मात्र अंडी घालण्यासाठी रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी ती वाळूत खड्डा खणते, सुमारे शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा ती अंड्यांकडे फिरकत नाही.

पूर्वी कोकणात माणसे ही अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी खणून नेत. उरलेली कोल्हे आणि कुत्री खात. मग पिल्ले जन्मणार कशी? २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात कासवे वाचवण्याचे काम सुरू केले. गावकरी आणि वनखातेही त्यात सामील झाले.

हे काम कसे चालते? गावातील माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरतात. वाळूत मादीच्या पायांच्या खुणा दिसतात. त्यांच्यावरून घरटे सापडते. मग अंडी मोजतात आणि न उलटता हलकेच उचलतात. कुंपण घातलेल्या जागेत तेवढाच खोल खड्डा करून ती पुरतात. तारीख आणि संख्या लिहून ठेवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात. त्यांना पाण्याजवळ सोडतात. ती स्वतःच समुद्राकडे धावतात.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले पाहायला आलेले लोक गावकऱ्यांच्या घरी राहू आणि जेवू लागले. जी अंडी पूर्वी चोरीला जात, त्यांच्यामुळेच आता गावाला रोजगार मिळाला.

मार्च २०२१ मध्ये ओडिशात एका मादीच्या पायाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरून ती पश्चिम किनाऱ्यावर पोहत आली होती!

समुद्रात गेलेल्या पिल्लांपैकी फारच थोडी मोठी होतात. म्हणून प्रत्येक अंडे मोलाचे आहे. कायद्याने कासवांना संरक्षण दिले आहे. पण पहाटे उठून किनाऱ्यावर जाणारी माणसे नसती, तर नुसता कायदा काय करणार?