एसजीपीटी उतरला, पण विषाणू गेला का?

हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू असलेला माणूस रक्ताचा रिपोर्ट हाती पडताच आधी एसजीपीटीचा आकडा शोधतो. शेजारी छापलेल्या ४० पर्यंतच्या मर्यादेत तो बसला की जीव भांड्यात पडतो, बाहेर गेला की झोप उडते. या एका आकड्यावरून गोळ्या मध्येच सोडण्यापर्यंत मजल जाते, आणि नुकसान होतं ते तिथेच.

समजा, उपचारापूर्वी एसजीपीटी ११२ होता आणि चौथ्या आठवड्यात ३१ आला. ‘नॉर्मल आलंय, आता गोळ्या कशाला?’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एन्झाइम आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. सी विषाणूच्या बाबतीत ही इजा बरीचशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे होते. औषधाने विषाणूची वाढ रोखली की सूज ओसरते आणि आकडा पहिल्या काही आठवड्यांतच खाली येतो. तरीही थोडा विषाणू पेशींत दडून राहू शकतो. गोळ्या थांबल्या की तो पुन्हा वाढतो. म्हणूनच कोर्स १२ आठवड्यांचा असतो, काही रुग्णांना २४ आठवड्यांचा. मध्ये खंड पडू नये म्हणून शिमग्याला किंवा गणपतीला कोकणात गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी पुढच्या गोळ्यांची सोय निघण्याआधीच करावी.

विषाणू गेला की नाही हे सांगते ती व्हायरल लोडची तपासणी, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या आरएनएची मोजणी. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी ती करायची. तेव्हा विषाणू सापडला नाही तर रुग्ण बरा झाला असं धरतात. आजच्या गोळ्यांनी १०० पैकी ९० हून अधिक रुग्ण या टप्प्याला पोहोचतात. अँटिबॉडीची चाचणी मात्र पुढेही पॉझिटिव्ह येत राहते. ती पाहून ‘रोग परत आला’ म्हणून घाबरणारे कितीतरी जण आहेत. त्या चाचणीतून फक्त संसर्ग कधीतरी होऊन गेल्याचं कळतं.

याच गैरसमजाची दुसरी बाजू म्हणजे ‘एसजीपीटी पहिल्यापासून नॉर्मल आहे, मग उपचार कशाला?’ जुनाट संसर्ग असलेल्या बऱ्याच जणांचा एसजीपीटी वर्षानुवर्षं मर्यादेत असतो आणि यकृत आतून घट्ट होत जातं. डायलिसिसवरच्या रुग्णांत तर हे आकडे मुळातच कमी येतात, म्हणून तिथे नॉर्मल आकड्यावर विसंबू नये. यकृत किती काम करतंय हे बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर सांगतात. प्लेटलेट कमी होत गेल्या तर सिरोसिसची, म्हणजे यकृत घट्ट होऊन गेल्याची, शंका घ्यावी लागते. सिरोसिस पुढे गेलेल्या यकृतात एसजीपीटी अगदी शहाण्यासारखा मर्यादेत बसलेला असू शकतो.

आता उलटी गोष्ट. उपचार चालू असताना आकडा वाढला तर? ‘गोळ्या यकृताला बाधल्या’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण आपल्याकडे या गोळ्या मोफत देणारा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यातल्या गोळ्या मुख्यतः सोफोस्बुविरसोबत डक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विर अशा असतात, आणि त्यांनी एसजीपीटी चढणं विरळ. कारण बहुधा दुसरीकडे असतं, आणि रत्नागिरीसारख्या कोकणातल्या भागात ते शोधताना आधी ऋतू पाहावा. पावसात, भातलावणीच्या दिवसांत ताप आणि अंगदुखी असेल तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) किंवा डेंग्यू मनात हवा. दोन्हींत एन्झाइम वाढतात. लेप्टोत बिलिरुबिन खूप चढतं आणि त्या मानाने एसजीपीटी बेताचाच असतो, ही खूण डॉक्टरांना उपयोगी पडते. चिरेखाणीत दिवसभर घण मारणाऱ्याचा एसजीओटी, म्हणजे एसजीपीटीच्या जोडीने मोजलं जाणारं दुसरं एन्झाइम, स्नायूंमुळेही वाढतो, कारण हे एन्झाइम स्नायूंत आणि लाल रक्तपेशींतही असतं. नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी तोच घोळ होतो.

आणखी एक कारण घरातच असतं. दारू, जास्त झालेलं पॅरासिटामॉल, क्षयाची औषधं ही नावं लोक सांगतात. काविळीवर गावात मिळणारा पाला किंवा रोजचा काढा मात्र कुणी ‘औषध’ म्हणून मोजतच नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. माझं मत स्पष्ट आहे: कोर्स संपेपर्यंत काढा बाजूला ठेवा आणि आधी काय घेत होतात ते न लाजता डॉक्टरांना सांगा. आम्लपित्ताची गोळीसुद्धा सांगा, कारण पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी वेल्पाटास्विर नीट शोषलं जात नाही.

एक धोका मात्र खरोखरच गंभीर आहे. शरीरात हिपॅटायटिस बी दडून असेल तर सी दबताच तो उसळी घेऊ शकतो आणि एसजीपीटी झपाट्याने चढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याबद्दल कडक इशारा दिला. म्हणून सीच्या गोळ्या सुरू करण्याआधी बीची तपासणी झाली आहे ना, हे विचारून घ्या.

आकडा थोडा वाढला आणि त्रास काही नसला तर डॉक्टर सहसा गोळ्या चालू ठेवून तपासणी पुन्हा करतात. पण डोळे पिवळे होणं, उलट्या, कमालीचा थकवा, पोट फुगणं किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसलं, किंवा एसजीपीटी मर्यादेच्या दहापटीच्या आसपास गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळ्या थांबवायच्या की नाहीत हे तिथेच ठरू द्या.

सिरोसिस असलेल्यांसाठी व्हायरल लोडचा चांगला रिपोर्ट आला तरी काम संपत नाही. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, पण जात नाही. एसजीपीटी २० असला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावीच लागते.