येतं सगळं, बोलायचं कसं?

सोमवार, सकाळचे साडेदहा. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीची कॉन्फरन्स रूम. कॉलवर परदेशी क्लायंट विचारतोय, रिलीज अडकलं कशामुळे? कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या माझ्या मित्राला उत्तर पक्कं ठाऊक आहे. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून चूक त्यानंच शोधलीय. पण तो मनातल्या मनात वाक्य जुळवेपर्यंत शेजारचा बोलून मोकळा! अप्रेझलमध्ये ‘इनिशिएटिव्ह’चे गुण कुणाला मिळाले, हे वेगळं सांगायला नकोच.

मित्र बार्शीचा, मराठी माध्यमातला. आणि गंमत बघा, इंग्रजी तो पहिलीपासून शिकलाय!

पाचवीची एबीसीडी पहिलीत

आपल्या आईबाबांना मराठी शाळेत एबीसीडी भेटायची ती पाचवीत. मग २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मराठीचं काय होणार, यावर तेव्हा बराच वादही झाला. त्या पहिल्या बॅचची मुलं आता तिशी ओलांडून ऑफिसात बसलीयत. तरी मीटिंगमध्ये ततपप का?

कारण सोपं आहे. इंग्रजी आपण ‘विषय’ म्हणून शिकलो. गाळलेल्या जागा भरल्या, ‘माय फेव्हरिट हॉबी’चा निबंध पाठ केला, मार्क मिळवले. पण ‘आज डब्यात काय आणलंस?’ हे इंग्रजीतून कुणी कधी विचारलंच नाही.

शाळेबाहेरचे मास्तर

म्हणून तर बोलण्याची सोय प्रत्येक पिढीनं शाळेबाहेर शोधली. आजोबांकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. बाबांच्या कपाटात रॅपिडेक्स, तेही कपिलदेवनं जाहिरात केलेलं! २००० नंतर कॉल सेंटरांनी ‘अ‍ॅक्सेंट ट्रेनिंग’ दिलं. इंग्रजी सिनेमांच्या चॅनेल्सवर सबटायटल्स दिसू लागली. ठाण्यातली माझी एक बँकर मैत्रीण सगळं श्रेय या सबटायटल्सनाच देते. ‘फ्रेंड्स’ बघून हसायला कधी यायला लागलं, तिचं तिलाही कळलं नाही.

आणि ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) कसा विसरणार? पुण्याच्या गौरी शिंदेला हा सिनेमा सुचला तो स्वतःच्या आईवरून. त्यातली शशी चार आठवड्यांच्या क्लासला जाते ती नोकरीसाठी नाही. घरच्यांनी हसू नये, एवढंच तिला हवं असतं.

वय की भीती?

‘आता या वयात काय जमणार?’ हा आपला लाडका बहाणा. लहानपणी शिकलेल्याचे उच्चार जास्त सहज येतात, हे खरंच. पण शब्द आणि वाक्यरचना मोठेपणीही उत्तम जमतात. जोसेफ कॉनरॅड हा पोलंडचा. इंग्रजी तो विशीत शिकला आणि पुढे त्याच भाषेतला मोठा कादंबरीकार झाला. बोलताना त्याचे परकी उच्चार मात्र शेवटपर्यंत टिकले. कुणाचं काही अडलं नाही!

खरा अडसर भीतीचा. अमेरिकी भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात याला ‘अफेक्टिव्ह फिल्टर’ म्हटलं. हसतील, चुकेल, या धास्तीत भाषा कानावर पडते, पण आत मुरत नाही. म्हणजे मित्राला कमी पडत होती ती ग्रामर नव्हे, बिनधास्त चुकायची जागा.

ती त्याला चहाच्या टपरीवर मिळाली. तो आणि दोन कलीग रोज दहा मिनिटं तिथे फक्त इंग्रजीत बोलतात. नियम एकच, हसायचं नाही. परवाच्या कॉलवर पहिलं उत्तर त्याचं होतं. मध्ये एक ‘डिड’ चुकला. क्लायंटनं पुढचा प्रश्नही त्यालाच विचारला.

करून बघा!

• मीटिंगमध्ये पहिल्या पाच मिनिटांत एक तरी वाक्य बोला. जितकं थांबाल तितकी भीती वाढते.
• बघितलेलाच सिनेमा इंग्रजी सबटायटल्स लावून पुन्हा बघा.
• रोज दोन मिनिटं स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.
• आणि शेजारचा अडखळत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. त्याला करू द्या!