झोप न लागणारा लॅपटॉप

झाकण मिटले की लॅपटॉप झोपला, अशी बहुतेकांची समजूत असते. पण काही वेळा तो बॅगेत जागाच राहतो; बाहेर काढावा तर तापलेला आणि बॅटरी उतरलेली. असा गरम लॅपटॉप रोज तासन्‌तास मांडीवर ठेवल्यास त्वचेवर जाळीदार, तपकिरी डाग उमटू शकतात. वैद्यकशास्त्रात त्याला ‘एरिथेमा अब इग्ने’ म्हणतात. शेगडीजवळ सतत बसणाऱ्यांमध्ये हा विकार पूर्वीपासून आढळतो.

उपायाआधी निदान हवे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘लास्टवेक’ या पर्यायासह दिली, की संगणकाला शेवटचे कशाने जागे केले याचा माग लागतो. अनेकदा माउस किंवा नेटवर्क कार्ड कारणीभूत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाची संगणक जागा करण्याची परवानगी काढून घ्यावी. पॉवर ऑप्शन्समधील ‘वेक टायमर’ही बंद करावेत.

बॅगेत भरण्यापूर्वी हायबरनेट उत्तम. स्लीपमध्ये मेमरीला वीज लागतच राहते. हायबरनेटमध्ये चालू काम डिस्कवर साठवून यंत्र बंद होते.

लॅपटॉप टेबलावरच वापरावा. शेक थांबल्यावर सुरुवातीचे डाग हळूहळू फिकट होतात; टिकून राहिल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावेत.