घराजवळचे साप : विषारी व बिनविषारी यांची ओळख

पावसाळा लागला म्हणजे वर्धा जिल्ह्यात गावोगावी घरांत व गोठ्यांत साप निघू लागतात. बिळांत पाणी शिरते, बेडूक वाढतात आणि कोरड्या जागेच्या व भक्ष्याच्या शोधात साप मनुष्यवस्तीकडे वळतात. कवेलूंचे छप्पर, सरपणाची रास, पऱ्हाट्यांचा ढीग, कुटार साठविण्याची जागा ही त्यांची आवडती आश्रयस्थाने होत. कारण तेथे त्यांना उंदीर व पाली मिळतात. साप दिसताच काठी घेऊन धावून जाण्याची आपल्याकडे सर्वसाधारण रीत आहे. या रीतीने दुहेरी नुकसान होते. शेतकऱ्याचा उपकारकर्ता असलेला साप अकारण मारला जातो आणि साप विषारी असल्यास मारणाराच संकटात सापडतो.

याच जिल्ह्यात या प्रश्नाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले आहे. १९३६ साली महात्मा गांधी सेगाव येथे राहावयास आले. हेच गाव पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्धीस आले. भोवती शेते व झुडपे असल्याने आश्रमात साप निघत. परंतु ते मारले जात नसत. लांब लाकडी चिमट्याने साप धरावयाचा, पेटीत ठेवावयाचा व वस्तीपासून दूर सोडून द्यावयाचा, असा तेथील परिपाठ होता. तो चिमटा व ती पेटी आश्रमात आजही पाहावयास मिळतात. सापापासून अंतर ठेवावे व त्याच्या जिवाचीही पर्वा करावी, हा त्यातील बोध आहे. मात्र साप धरण्याचे काम अनुभवी माणसाचेच होय. इतरांनी त्याचे अनुकरण करू नये.

चार मुख्य विषारी साप

महाराष्ट्रात सर्पदंशाने होणारे बहुतेक मृत्यू चार जातींमुळे घडतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे.

नाग डिवचला गेला म्हणजे फणा उभारतो. फण्याच्या मागील बाजूस बहुधा चष्म्यासारखे चिन्ह असते. परंतु काही नागांत ते अस्पष्ट असते. शांत असलेला नाग फणा काढीत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मण्यार काळा किंवा निळसर काळा व चकचकीत असतो. त्याच्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात. ते मानेकडे पुसट व शेपटीकडे ठळक होत जातात. हा साप रात्री हिंडतो.

घोणस हिला विदर्भात पुष्कळ ठिकाणी परड म्हणतात. अंग जाड, डोके त्रिकोणी, आणि पाठीवर साखळीसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. डिवचल्यास ती मोठ्याने व दीर्घ फूत्कार टाकते.

फुरसे लहान, साधारण एक ते दीड फुटाचे असते. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर असा आवाज काढते. कोकणात ते विपुल आहे. इतरत्र ते मुरमाड व खडकाळ माळरानात आढळते.

फसविणारी साम्ये

धामण पुष्कळदा नाग समजून मारली जाते. ती नागापेक्षा लांब, चपळ व मोठ्या डोळ्यांची असते. ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात व तिला फणा नसतो. धामण गाईचे दूध पिते ही समजूत निराधार आहे. ती मुख्यतः उंदीर खाते, म्हणून धान्याची कोठी व उभे पीक यांची ती राखणदारच होय.

कवड्या हा मण्यारसारखा दिसणारा बिनविषारी साप घरात वारंवार आढळतो. त्याचा रंग तपकिरी असून पिवळसर पांढरे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट होत जातात, म्हणजे मण्यारच्या नेमके उलट. तो पालींच्या मागे भिंतीवर व छपरात सहज चढतो. तथापि लहान मण्यारच्या अंगावर पुढील भागातही खुणा दिसू शकतात. म्हणून रात्रीच्या अंधुक उजेडात संशय आल्यास तो मण्यारच आहे असे समजून वागावे. कवड्याला मण्यार समजल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मण्यारला कवड्या समजणे जिवावर बेतते.

डुरक्या घोणस नावाने व रूपाने घोणसीची आठवण करून देते. परंतु ती बिनविषारी आहे. तिची शेपटी आखूड असून पाठीवरील ठिपके वेडेवाकडे व एकमेकांत मिसळलेले असतात. पाण्याकाठचा दिवड, ज्याला काही भागांत धोंड्या म्हणतात, तसेच नानेटी, तस्कर, कुकरी, मांडूळ व गांडुळासारखा दिसणारा वाळा हे सर्व बिनविषारी होत. हरणटोळ व मांजऱ्या यांचे विष सौम्य असून मनुष्याच्या जिवास त्यापासून सहसा धोका नसतो.

त्रिकोणी डोके किंवा उभी बाहुली असलेला प्रत्येक साप विषारी, हा ठोकताळा खरा नाही. नाग व मण्यार यांची बाहुली गोल असते, तर निरुपद्रवी मांडुळाची उभी असते.

दंश झाल्यास ओळखीवर विसंबू नये

सापांची ओळख उपयुक्त आहे. परंतु दंशानंतर साप बिनविषारी होता असे स्वतःच ठरवून घरी बसून राहणे घातक आहे. मण्यारचा दंश पुष्कळदा दुखत नाही व दातांची खूणही दिसत नाही. जमिनीवर निजलेला मनुष्य पहाटे पोटदुखीने वा ओकारीने जागा होतो. घरची माणसे अजीर्ण समजून ओवा देतात. पुढे पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते व श्वास अडखळतो. पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसास अशी लक्षणे दिसल्यास सर्पदंशाचा संशय घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

दंश झालेल्या माणसास धीर देऊन निजवावे. अंगठ्या व बांगड्या काढाव्यात. सूज आल्यावर त्या रुततात. अवयवास फळीचा आधार देऊन तो हलू देऊ नये. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे व मांत्रिकाकडे वेळ दवडणे पूर्णपणे टाळावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय व सावंगी (मेघे) येथील रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी उपचारकेंद्रे आहेत.

आपल्याकडील प्रतिविष वरील चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून नेण्याची मुळीच गरज नाही. डॉक्टर लक्षणे पाहतात, आणि रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही यावरून घोणस वा फुरसे यांच्या विषाचा परिणाम ताडतात.

साप घरात येऊ नयेत म्हणून

उंदीर कमी झाले म्हणजे सापही कमी होतात. धान्य झाकून ठेवावे व भिंतीतील बिळे बुजवावीत. सरपण, गोवऱ्या व पऱ्हाट्या घरापासून दूर रचाव्यात. शक्यतो खाटेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. रात्री बॅटरीवाचून बाहेर पडू नये. कुटारात वा ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. शेतात पायांत बूट असावेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये सापांना संरक्षण आहे. घरात साप निघाल्यास मुले व जनावरे दूर करावीत, एकाने दुरून नजर ठेवावी आणि वन विभागास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. गावातील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी एक सभा घेऊन ही माहिती घरोघरी पोहोचवावी आणि जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे याची चौकशी करून ते नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे. प्रसंग ओढवल्यावर शोधाशोध करण्यात जी वेळ जाते, तीच पुष्कळदा रोग्याच्या जिवावर उठते.